अननसातली कात्री

तीर्थरूप बाबा,

हात गारठलेत, पण नमस्कार ऊबदार आहे.

तुम्ही विचारलंत, एवढं शिकून अननस कसले चिरतेस? अहो, अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ना, ती त्यातल्या एन्झाइममुळे. तेच आम्ही शुद्ध करतो. रस गाळायचा, मग साखर, आंबटपणा, रंग सगळं हळूहळू काढून टाकायचं. उरतं ते नुसतं पाण्यासारखं दिसतं. पण पातळ दुधात त्याचा थेंब टाकला आणि दूध बघता बघता निवळलं! दुधातली प्रथिनं त्याने सपासप कापली होती. मला तुमची कात्रीच आठवली. खडूच्या रेघेबाहेर कधी गेली नाही.

इतकं गुणी, पण कापायला दुसरं काही उरलं नाही की स्वतःलाच कापत सुटतं. एकदा मी ते रात्रभर टेबलावर विसरले. सकाळी थेंब टाकला, तर दूध ढिम्म. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "अगं, याला थंडीत तरी ठेव, नाहीतर कामाला तरी लाव."

आई म्हणते, दुकान बंद केल्यापासून तुम्ही दिवसभर खिडकीशी बसून असता. जेवतानाही बोलत नाही. खरं का?

इथल्या थंड खोलीत मला तासन्‌तास उभं राहावं लागतं. जाड अस्तराचा एक कोट शिवून पाठवाल? विकतचा अंगाला बसत नाही. माझं माप तुमच्याकडे आहेच. कमरेत फक्त दोन बोटं कमी धरा, आणि तेवढं आईला सांगू नका.

वाट बघणारी,
तुमची धाकटी