चिरेखाणीकडची वाट

आई,

गेल्या रविवारी मी तुझ्या वाटेने सायकलवरून गेले. तू गेल्यापासून नऊ वर्षांत मी त्या बाजूला फिरकले नव्हते. जायचं होतं ते कधीतरी ऊन उतरल्यावर, एकटीने, आणि गेले ते साडेनऊच्या उन्हात, हँडलला नंबर लावून, शर्यतीत. हे तुला कसं सांगायचं याचा विचार करण्यात चार दिवस गेले. लिहितेय ते पुस्तकी मराठीत, कारण तुझा तसा दंडक होता. बोलायचं मालवणीत, लिहायचं नीट. शाळेत नाव घालायच्या आधीच तू मला पडवीत बसवून लसीकरणाच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवायला लावलीस. अक्षर चुकलं तर गिचमिड करून खोडायचं नाही, त्याच्यावर एकच सरळ रेघ मारायची आणि पुढे बरोबर लिहायचं. काय चुकलं होतं ते दिसत राहिलं पाहिजे, असं तू म्हणायचीस. तुझ्या नर्सच्या नोंदवहीत तू तसंच करायचीस. या पत्रात आतापर्यंत तीन रेघा झाल्या आहेत.

तू विचारशील, मला सायकलची शर्यत कुठून सुचली. तू गेल्यानंतर माझं ते तपासत बसणं फार वाढलं. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, कामावर लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर चिकटवलेलं नाव त्याच माणसाचं आहे ना. निघताना तीन-तीनदा मागे फिरायचे. मग कुणाकडून तरी जाड टायरची, गिअरची जुनी सायकल घेतली आणि लक्षात आलं की खडीच्या उतारावर चाक कुठे ठेवायचं एवढंच बघावं लागतं, बाकी सगळं आपोआप मागे पडतं. दोन वर्षं मी अशी रानावनातून हिंडतेय. आचऱ्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, शर्यत भरणार असं कळलं, तेव्हा नाव दिलं. रस्त्यावरची नाही, कातळ, काजूच्या बागा, सुकलेले मळे असं सगळं पार करत जाणारी, एकच मोठा बावीस किलोमीटरचा फेरा. बायकांतल्या पहिल्या तिघींना राज्याच्या निवडीला पाठवणार होते. मला ते हवं होतं, आई. एकोणतीस वर्षांची झाले, आजवर कशासाठी म्हणून कुणी मला निवडलेलं नाही. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, फक्त रोज पहाटे उठून घराजवळची घाटी चढत होते.

सात वाजता सुटायची शर्यत साडेआठला सुटली. पाहुणे तळेऱ्याला अडकले होते. ते आले, मग गावकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. नारळ हातात धरून म्हातारबाबा देवाला सांगत होते की बा म्हाराजा, ही लेकरां आज तुझ्या सड्यार सायकली घेवन येतत, तेंका ऊन लागा नको, कोणाच्या चाकात काटो जाव नको, आणि गेलोच तर तेच्याकडे पंप आसा दे. सगळे हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मुंबईहून आलेल्या हेल्मेटवाल्या मुलांनाही दुसऱ्या वेळेपर्यंत ते जमलं. मीही म्हणाले, पण मनात टायरची हवा पुन्हा एकदा बघावी असं चाललं होतं. दोन बाटल्यांत तू शिकवलेलं मीठ-साखरपाणी होतं, लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर कोकमाचं आगळ. चमचे सपाट भरायचे, शिगेचे नाही. तेही तीनदा मोजलं होतं.

घाटी चढेपर्यंत ठीक होतं. सड्यावर आलो आणि उन्हाने तोंडावर फटका मारावा तसं झालं. कातळ चैत्रात कसा तापतो ते तुला सांगायला नको. खालून काळ्या दगडाची धग, वरून सूर्य, मध्ये आपण. वारा होता तोही भट्टीतून आल्यासारखा. घाम निथळायच्या आधीच सुकत होता आणि हाताला मिठाची खर लागत होती. माझ्या पुढे दोघी होत्या, त्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिसरी मी. तेवढ्यात मागून “ताई, बाजू” असा आवाज आला आणि सावंतवाडीकडची एक कॉलेजातली मुलगी मला मागे टाकून गेली. सायकल कुणाची तरी उसनी, सीट तिच्या उंचीला थोडी जास्तच, पायात साधे कॅनव्हासचे बूट. उभी राहून पेडल मारत होती. पाहता पाहता ती शंभर पावलं पुढे गेली आणि मी चौथी झाले.

चिरेखाणीशी वाट फुटते तिथे मी आले, तेव्हा ती खाणीच्या पलीकडच्या उघड्या कातळावर लांब ठिपक्यासारखी दिसत होती. शर्यतीची वाट खाणीला मोठा वळसा घालून जाते. तुझी वाट डावीकडून, खाणीच्या काठाकाठाने काजूंच्या सावलीत शिरते आणि वाडीच्या वर पुन्हा त्याच वाटेला मिळते. मी डावीकडे गेले. कशी गेले ते पुढे सांगते.

सावलीत शिरले आणि मी सहा वर्षांची आहे. तुझ्या लेडीज सायकलच्या कॅरिअरवर बसले आहे, मांडीवर लशींचा निळा डबा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. बाबा मुंबईला, घरी मला ठेवायला कुणी नाही, म्हणून सोमवार-गुरुवार मी तुझ्याबरोबर. तू चढावर उतरतेस, सायकल ढकलतेस, मला उतरू देत नाहीस, कारण मी उतरले तर डबा कोण धरणार. वाटभर पाढे चालले आहेत. त्याच काजूंखाली तू पाणी प्यायला थांबतेस, पाठ फिरवून तोंडावर पाणी मारतेस, आणि मी डब्याचं झाकण उघडून आतल्या बर्फाच्या पिशवीवर तळहात ठेवते. एकदाच, थोडा वेळ. मग झाकण लावते. वाडीत समाजमंदिराच्या ओट्यावर बायका मुलांना घेऊन बसलेल्या आहेत. तू डबा खाली ठेवतेस आणि मला राहवत नाही. सगळ्यांसमोर मी मोठ्याने सांगते, आये, मी वाटेत डबो उघडलंय.

तू प्रत्येक बाटलीवरचा, लस तापली तर काळा पडणारा चौकोन उजेडात धरून बघितलास. बर्फ घट्ट होता, चौकोन पांढरे होते, काही बिघडलेलं नव्हतं. तसं तू सांगितलंस, दोनदा सांगितलंस. पण एकजण उठलीच. पोरगी उघडता-झाकता ती लस आमच्या पोरांका, असं म्हणत बाळाला खांद्यावर टाकून निघाली. तिच्या मागोमाग तिची जाऊ. आधीच किती मिनतवारीने तू त्यांना ओट्यापर्यंत आणलं होतंस. नंतर तीन खेपा त्यांच्या दारात गेलीस, तिसऱ्या खेपेला एकीने मुलाला पुढे केलं. दुसरीने केलंच नाही.

 परतताना सायकल न थांबवताच, मान न वळवता तू म्हणालीस, “डबो उघडलंस, तू ल्हान हस, ता मी सोडून देतंय. पण सगळ्यांसमोर कित्याक सांगलंस? माका बाजूक घेवन सांगूचा होता. तुका बरां वाटाचा म्हणान सांगलंस गो. तेंका काय वाटात, ह्याचो इचार नाय केलंस.” मी तुझ्या पाठीला गाल लावून रडत होते. पोलकं घामाने भिजलेलं होतं. घरी आल्यावर तू मला आंबा कापून दिलास आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस. खरं बोलल्यावर कुणी का रागावतं, हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला लागलं तेव्हा तू नव्हतीस.

रविवारी काजूंच्या पलीकडे मी शर्यतीच्या वाटेला पुन्हा लागले तेव्हा ती मुलगी माझ्या मागे होती. पाच मिनिटांत तिने मला गाठलं. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. रागाने नाही, नुसत्या आश्चर्याने तिने विचारलं, “ताई, तुमी फुडे कशे? मी तर तुमका मागे टाकललंय.” मी म्हणाले, “चल चल, पाणी पी.” बाटलीतलं पाणी तिला दिलं. तिने दोन घोट घेतले आणि थँक्यू म्हणाली. उतारावर तिचं चाक खडीत घसरलं, ती पाय टेकून सावरली, आणि मी पुढे निघून गेले. तिसरी आले. ती चौथी.

मी सायकल आडवी टाकली आणि आधी सावलीत ओकले. मग टेबलापाशी गेले. तिथे एक निवृत्त क्रीडाशिक्षक शिट्टी गळ्यात घालून वह्या जुळवत बसले होते. मी त्यांना सांगितलं की चिरेखाणीपाशी मी चुकून जुन्या वाटेने गेले, अंतर कमी पडलं असेल, माझा नंबर धरू नका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, अहो, कुणाचीही तक्रार नाही, त्या टप्प्यावर आमचं माणूसही नव्हतं, तुम्ही कशाला स्वतःहून सांगताय. मी म्हणाले, नाही सर, लहानपणी आईबरोबर त्याच वाटेने जायची, चाक आपोआप वळलं. ते विरघळले. त्या मुलीला बोलावून तिसरी केलं. तिला आधी कळेचना, मग ती मला बिलगली, तिच्या घामाचा आणि धुळीचा वास आला. कुणीतरी माझा फोटो काढला. पाहुण्यांनी भाषणात माझ्या प्रामाणिकपणावर चार वाक्यं घेतली आणि टाळ्या पडल्या.

इथे थांबायला हवं होतं. पण त्याआधी टेबलापाशीच सरांनी विचारलं होतं, “तिथे फीत नव्हती का?” आणि मी म्हणाले होते, “माझं लक्ष गेलं नाही.” तेव्हा त्यांनी वाटेच्या खुणेच्या फिती बांधणाऱ्या काकांना हाक मारली. आचऱ्याचेच आहेत, साठीच्या आसपासचे, खाणीवर चिरे काढण्यात आयुष्य गेलेले. तू त्यांना ओळखत असशील. पहाटे चारला उठून एकट्याने त्यांनी सगळ्या फेऱ्यावर लाल-पांढऱ्या फिती बांधल्या होत्या. सर त्यांना चारचौघांत म्हणाले की वळणावर फीत दिसेल अशी बांधायला काय होतं, या पोरीचा नंबर गेला तुमच्यामुळे. काका आधी म्हणाले, “थंयसर मी दोन बांधलेलंय. एक काजीक, एक दगडाक.”  त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा सुकलेला घाम, पांढरे ओठ बघून त्यांचा चेहरा बदलला. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “चुकी माझी, बाय. उन्हात फीत दिसली नसतली. माका माफ कर.” मी मान हलवली. नाही म्हणून की असू दे म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी ते असू दे असं घेतलं.

चार दिवस मी स्वतःला समजावतेय की त्या मुलीला तिची जागा मिळाली, म्हणजे जे करायचं ते मी केलं. निवडीला जाता येणार नाही याचं वाईट वाटतं, पण ते सोसण्यासारखं आहे. रात्री झोप लागते. फक्त टोपी काढलेलं ते डोकं दिसतं, कपाळाच्या वरचा भाग गोरा, खालचा उन्हाने काळा. आणि तू सायकलवरून मान न वळवता बोललेलं ऐकू येतं. मी टेबलापाशी गेले ते कुणासाठी? पहिल्याने मला वाटलं होतं की या वेळी मी योग्य माणसाला, बाजूला जाऊन, बरोबर सांगितलं. आता वाटतं, मला बरं वाटेल एवढंच मी सांगितलं, आणि उरलेलं त्या काकांच्या डोक्यावर ठेवलं.

त्यांचं घर मला माहीत आहे. काल कामावरून येताना वाकडी वाट करून मी त्या बाजूने आले. ते खळ्यात बसून काजूबिया पसरत होते. मी सायकल हळू केली, त्यांनी ओळखून हात वर केला, आणि मी हात हलवून पुढे गेले. उद्या जाईन असं म्हणत नाही, कारण तसं म्हणून मी आजची झोप मिळवीन. त्यांना म्हणायचं ते वाक्य आधी तुझ्याकडे आणलंय, कारण तू उलट विचारणार नाहीस, आणि हे पत्र कुणाच्या हातात पडणार नाही. तुझी वाट म्हणून वळले की सावली होती म्हणून, की ती मुलगी पुढे गेली म्हणून, हे मला खरंच सांगता येत नाही. तुझं नाव मात्र मी टेबलावर पुढे केलं, त्याबद्दल मला माफ कर. चाक आपोआप वळलं नाही, आई. काजीवरची फीत मी पाहिली. दगडावरचीही पाहिली.