वाळत्या माशांच्या गावातले माझे नाक

तीर्थरूप अप्पांना नॉर्वेहून दानेश्वरीचे शरणार्थ.

नवी पेठेतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला कोऱ्या कापडाचा वास दारातच येतो. तुम्हाला मात्र दिवसभर येत नाही. असे का? गंमत अशी, की नाक फक्त बदल कळवते. तोच वास सतत येत राहिला, की ते गप्प बसते.

या किनाऱ्यावरच्या गावात माझ्या खिडकीखालीच लाकडी मांडवांवर हजारो मासे वाळत असतात. सुरुवातीला मला अन्न जाईना. घरमालकीण टोरुन हसून म्हणाली, "वास? कसला वास?" मला तिचीच शिसारी आली. आता पोटभर जेवते, काळजी नसावी.

पण काल माझ्या प्रयोगशाळेत नुकतीच बाहेरगावाहून आलेली मैत्रीण खोलीत आली आणि तिने नाक दाबले. मीच विचारले, "काय गं, काय झालं?" मग मला माझीच किळस आली.

श्रीशैलदादाच्या लग्नाला याच कपड्यांनिशी देवघरात कशी येऊ? फोनवरून वास जात नाही, म्हणून हा कागद चार दिवस माझ्या कपड्यांत ठेवून मग पाठवते आहे. अव्वाची सर्दी बरी झाली ना? तिला अंगणात मोकळा श्वास घेऊ द्या, मग कागद हुंगायला द्या. तिने तोंड फिरवले तर मला खरे सांगा. सगळे कपडे इथेच टाकून येईन.

तुमची,
दानेश्वरी