दोन बिल्ले

१२ नोव्हेंबर

लग्नानंतरच्या पहिल्याच बसप्रवासात ह्यांनी आपलं तिकीट माझ्या हातात दिलं होतं. "तूच ठेव. माझ्या खिशाला भोक आहे." खिसा चांगला धडधाकट होता! तेव्हापासून ह्यांच्या किल्ल्या, पावत्या, चष्मा — सगळं माझ्या पर्समध्ये.

आज या जुन्या बंदराच्या गावी पोचलो. किल्ल्याच्या तटाला लागून लॉज. समोर समुद्र, मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. हे दुर्बीण पुसत बसलेत. म्हणाले, "उद्या तुला घुबड दाखवतो." म्हटलं, "घरी रोज बघतेच की." खूप हसले.

१३ नोव्हेंबर

हे परत आले नाहीत.

१४ नोव्हेंबर

लिहून काढते, नाहीतर वेड लागेल.

जंगलाच्या फाटकावर माणशी एक पितळी बिल्ला देतात. परतताना तो जमा करायचा, मग तो फळ्यावरच्या आपल्या खिळ्याला लागतो. संध्याकाळी फळ्यावर एखादा खिळा रिकामा दिसला, की रक्षक शोधायला निघतात. ह्यांनी सवयीनं आपला बिल्ला माझ्याकडे दिला. वाटेत माझा गुडघा आखडला. "तू फाटकाकडे हो. मी ओढ्यापर्यंत जाऊन आलोच." मी एकटी फाटकावर आले, पर्स उघडली आणि दोन्ही बिल्ले देऊन टाकले. वर 'थँक यू'. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत अंगी मुरवलेलं — घेतलेली वस्तू पहिली परत करायची.

अंधार पडला तशी फाटकावर फोन केला. रक्षक म्हणाला, "सगळे बाहेर आलेत, बाई. फळा भरलाय. साहेब बंदरावर रमले असतील." मग पोलिसांनी बाजार, धक्का, किनारा पालथा घातला. बिल्ल्यांचं माझ्या डोक्यात आलं ते पहाटे.

१५ नोव्हेंबर

मुलगा आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ताट वाढून आणलं. मग म्हणाला, "आई, दोन घास खाऊन घे." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

लॉजवाली म्हणाली, "दमलेलं माणूस विसरतं हो." विसरले कुठे? आठवणीनं दिले.

१६ नोव्हेंबर

रक्षकांना ओढ्याकाठी काही सापडलं नाही. पुढेही नाही.

त्या रात्री ह्यांनी हाका मारल्या असतील. मलाच. आणि मी इथे खिडकीतून बंदराचे दिवे बघत होते.

१७ नोव्हेंबर

पाऊस. शोध थांबवलाय. मुलगा हळूच म्हणाला, "घरी जाऊन वाट बघू या का?" कुठल्या तोंडानं घरी जाऊ?

१९ नोव्हेंबर

पाऊस उघडल्यावर सापडले. ओढ्यापर्यंत गेलेच नव्हते. मी मागे फिरले त्या वळणाच्या जरा पुढे, कड्याखालच्या झुडपात. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "डोक्याला मार. पडले तेव्हाच गेले. तुम्ही फाटकापर्यंत पोचलाही नसाल." मी दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले.

मुला, मला आज बोलवत नाही, म्हणून इथेच लिहिते. दुर्बीण तुझ्या लेकीला. ह्यांचे नवे बूट, दोर लावून खाली उतरलेल्या रक्षकाला — त्याचे फाटलेत. पक्ष्यांचं पुस्तक लॉजवालीकडे राहू दे. इथल्या ह्यांच्या उशीचा अभ्रा तिला विचारून मागून घे. धुवायला टाकू देऊ नकोस. तो मला.