रमजानात गाळलेले थेंब

स्फाक्स, ८ मार्च १९९४

ती. मावशीस सलाम, वि. वि.

जो थेंब अकरा महिने तुझ्या डोळ्यातला दाब आवरून धरतो, तो नेमका याच महिन्यात हात का टेकतो? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, इस्पितळाच्या औषधखिडकीतून रोज हीच बाटली देते, तरी येत नाही. बाटलीची मुदत संपलेली नाही, ते मी पाहिलं. उन्हात तर राहत नाही ना?

डॉ. मुन्सिफ म्हणतात, काचबिंदूवर औषध चालेनासं झालं, आता ईदनंतर शस्त्रक्रियाच करू. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा वाचवायचा आहे. आता त्यावरच सुरी चालणार. तू ऑक्टोपस धरायच्या मडक्यांना दोऱ्या बांधून पैसे जोडलेस म्हणून मी शिकले. ती बोटं आता चाचपडायला नकोत.

काकांना सलाम. उत्तर लवकर दे, माझी आठवण ठेव.

तुझी,
वसीला

कर्केना बेट, ११ मार्च १९९४

चि. वसीला हिस अ. उ. आ.

पत्र दुपारी उंबऱ्यात बसून वाचलं. काका पडवीत घोरताहेत. रोजा आम्ही ठेवतो आणि झोप ते घेतात!

बाटलीवर संशय घेऊ नकोस गं, औषधवाली. ती बिचारी गार फडताळात असते. गुन्हेगार मी आहे. दिवसाचे चार थेंब सांगितलेत ना? रमजानात मी उजेडातले तीन गाळते, फक्त रात्रीचा डोळ्यात टाकते. थेंब टाकला की जरा वेळानं घशात कडू उतरतं. मग रोजा राहिला कुठे? शेजारची खदूजा म्हणते, डोळा म्हणजे काही तोंड नव्हे. असेल तिचं तसं. माझ्या घशाला कळतं ते कळतं.

पण डॉक्टरांना सांगायचं नाही, तुला माझी शपथ. मागच्या खेपेला इस्पितळात सगळ्या बायकांसमोर ते म्हणाले, या मबरूकाबाईंकडून शिका, एक थेंब चुकवत नाहीत. मी आपली चपलांकडे बघत बसले. त्या माणसापुढे खोटी पडण्यापेक्षा सुरी परवडली.

बोटीतून हात धरून नेलंस, रांगेत माझ्यासाठी भांडलीस. पोटची असती तरी याहून काय केलं असतं? अल्ला तुझं भलं करो. ईदला येशील तेव्हा खजूर भरलेले गोड मकरूद करून ठेवते.

तुझी मावशी,
मबरूका

स्फाक्स, १७ मार्च १९९४

ती. मावशीस सलाम, वि. वि.

मकरूद मिळाले. ईदला येता आलं नाही, तरी डबा पाठवलास. खरं लिहिलंस याचे उपकार मात्र त्याहून मोठे. कॉलेजच्या पाच वर्षांत मला कुणी हे शिकवलं नाही. मीही रोजे ठेवते, आणि महिनाभर भुकेल्या पोटी त्याच खिडकीतून बाटल्यांवर 'दिवसातून चार वेळा' लिहून देत होते. रोजा आहे का, थेंब कधी टाकाल, हे एकालाही विचारलं नाही. चूक तुझ्या एकटीची नाही.

थेंबानं रोजा मोडतो की नाही, हे ठरवणारी मी कोण? तो तुझा आणि अल्लाचा व्यवहार. पण उजवा डोळा एकच उरला आहे, आणि औषध हरलेलं नाही, ते तुझ्या डोळ्यात पडलंच नाही, हे ठाऊक असताना तुला त्या टेबलावर झोपू देणं मला जमलं नाही.

काल सकाळी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, म्हणजे चूक माझीच, मी विचारायला हवं होतं. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी माझ्यासमोर खोडली. चारही थेंब पुन्हा सुरू कर. महिन्यानं दाब मोजू, तेव्हाही चढलेला असला तरच सुरीचं बघू. पुढच्या रमजानासाठी ते दुसरे थेंब देणार आहेत. एक रोजा सोडल्यावर, एक पहाटेच्या जेवणाआधी. दिवसा घशात काही उतरायला नको.

तुझी शपथ मी मोडली. हवं तेवढं रागव, पण माया तेवढी कमी करू नकोस.

तुझीच,
वसीला