दोनच पत्त्यांची काटकसर

बाळा,

"भावोजी, मदतीला येऊ का?" असं तुझ्या मावशीने पत्रात लिहिलं होतं. मी उत्तरच दिलं नाही. वाटलं, आपल्या बायकोचं आपण करू.

पहाटे वीज जाऊन आली आणि घरातलं इंटरनेट सांभाळणारा फायरवॉलचा डबा सगळं विसरला. रात्रपाळी करून तू नुकतीच झोपली होतीस, म्हणून मीच बसलो. आतल्या पोर्टचा पत्ता तू सांगितलेलाच घातला. पण घरात किती पत्ते ठेवायचे ते ठरवणाऱ्या नेटमास्कच्या आकड्यापाशी वाटलं, घरात जोडलेल्या वस्तू दोनच: तुझा संगणक आणि आईच्या उशाची घंटा, जी आपल्या फोनवर वाजते; फोन तर सिमच्याच नेटवर चालतात. मग अडीचशे पत्ते कशाला अडवायचे? पुस्तक बघून दोनच पत्ते देणारा मास्क टाकला, शेवटी २५२. त्यातला एक डब्यालाच लागतो, हे डोक्यात आलं नाही. उरलेला तुझ्या संगणकाने घेतला. घंटा बाहेर राहिली.

चहा घेऊन गेलो, तर आईची ऑक्सिजनची नळी निघालेली आणि ओठ निळे. नळी लावली, आता रंग परत आलाय. "अहो, घंटा दाबून दाबून बोट दुखलं," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तुला उठवायचा धीर झाला नाही. उठलीस की मास्कच्या शेवटी शून्य कर. मी आता हात लावत नाही. तोवर आईजवळून हलणार नाही.

फक्त मघाशी शेजारीणबाईंना बसवून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन आलो. मावशीला उत्तर टाकलं: "लगेच ये. मला एकट्याला जमत नाही."

– बाबा