टोरीचं तेल अन् मागचा डाला

मिस्त्री, तुमची गाडी चालू झाली. पयल्या सेलमध्ये नाई, चौथ्या. हे तुमाले सांगाची मले काई हौस नाई, पन ज्याच्यासंग भांडाचं हाय थोच मेला असन तं मानसानं बोलाचं कोनासंग? तुमच्या मयतीले मी आलो नोव्हतो. घर दोन गल्ल्या पल्याड, तरी आलो नाई. त्याचा मले पस्तावा बी नाई. सातवी शिकलेला मानूस मी, लिहाले हात जड जाते, म्हनून फालतू काई लिहत नाई.

गाडी तुमच्या पोरीच्या आवारात चिचेखाली उभी होती. डायवरच्या सीटखाली कोंबडी अंडे घालत होती, मागं माल भराच्या डाल्यात धानाच्या तनसीचा ढीग. राईस मिलमध्ये माहा जनम गेला, इंजिन चालवलं, आता रिकामा झालो तं जुन्या पिकअप गाड्या उभ्या कराचा नाद लागला. दोन उभ्या केल्या. घरची बाई म्हनते, लोकं म्हातारपनी देव धरतात, ह्यायनं भंगार धरलं. तिसरी गाडी शोधत होतो, तं कोनं तरी सांगतलं का मिस्त्रीची अजून हाय. गेलो. तुमची पोरगी चांगली हाय, तुमच्यावर गेली नाई. म्हने, "घेऊन जा भाऊ. पन चालू झाली का मागच्या डाल्यावर बाबाचं नाव लिहून द्या, पयले होतं तसंच." मी हो म्हनलो. मले गाडी पायजे होती. नाव लिहाचं नाई हे मी तिथीच, तिच्या अंगनात उभ्या उभ्या ठरवलं होतं.

आठ महिने लागले. एक एक नट उघडला अन् तुमाले एक एक शिवी देल्ली. काय काय करून ठेवलं होतं तुमी! पिन नाई तिथी तार. बुश नाई तिथी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मागच्या कमानीच्या पाट्यायत एक पाटा जास्तीचा, थो बी कोन्या भलत्याच गाडीचा. गिऱ्हाईक म्हने मिस्त्रीच्या हातात जादू हाय. जादू कायची, गाडी रस्त्यापर्यंत जाईस्तोर गप्प रायली पायजे, एवढाच तुमचा धंदा. घरची चा घेऊन आली, म्हने, "मेलेल्या मानसाले शिव्या देल्ल्यानं नट ढिला होते का?" मी म्हनलो, होते. अन् झाला बी.

मंग ब्रेक उघडला अन् हात थांबला. तुमाले आठवत असन तेंदूपत्त्याचा तो उन्हाळा, मी तुमच्या गॅरेजवर काम शिकत होतो. पोंभुर्ण्याच्या पल्याड जंगलात हीच गाडी बंद पडली, ब्रेकचा पाइप फुटला, तेल सारं मातीत. तुमची गाडी भाड्यानं चालवाचा थो डायवर सावलीत बसला हाय, पत्त्याचे बोरे भरून, डोक्यावर ऊन. तुमी पाइप बांधता अन् जवळच्या पाड्यावरून टोरीचं तेल मांगून आनता, मोहाच्या बियांचं, लोकं भाजीले वापरते ते. ब्रेकच्या डब्बीत ओतता. मी तोंड उघडं टाकून पाहून राह्यलो. गाडी घाट उतरून आली, ब्रेक लागला. मी म्हनलो असा मिस्त्री दुनियेत नाई. त्या दसऱ्याले हत्यारं पुजून तुमी माह्या हातात चौदाचा पाना ठेवला. तुमच्याकडची रीतच होती, ज्याले पाना भेटला थो मिस्त्री झाला. मी थो पाना उशाशी घेऊन झोपत होतो. हे बी खरं हाय, लिहून टाकतो.

पूस महिना आला, कडक थंडी पडली. तुमी सामान आनाले चंद्रपूरले गेले, गॅरेजवर मी एकटा. दुपारी हाच डायवर हीच गाडी घेऊन आला, ब्रेक कमी लागते म्हने, मले सकाळी आष्टीले धान पोचवाचं हाय. ब्रेकचं तेल डब्यात थेंब नाई. मी तुमच्या सैपाकघरात गेलो. काकूनं चुलीजवळ टोरीच्या तेलाची शिशी ठेवली होती, पातळ, जसं काई पानीच. चुलीच्या धगीनं पातळ हाय हे माह्या डोक्यात आलं नाई. ओतलं, पायडल मारून पाह्यला, झकास. डायवरले म्हनलो, जा भाऊ, बिनधास्त. रातभर गाडी उघड्यावर थंडीत उभी रायली. सकाळी नाल्याच्या उतारावर त्यानं पाय मारला तं पायडल दगडावानी. तेल तुपासारखं घट्ट झालं होतं. गाडी शेताचा धुरा फोडून धानाच्या बांधीत गेली, धानाचे बोरे पुढं आले, डायवरचा गुडघा फुटला. अजून थो पाय वाकत नाई.

तुमी आले तवा गॅरेजसमोर सारे डायवर जमले होते. तुमी डब्बी उघडली, बोट बुडवून वास घेतला. अन् माह्याकडं पाहून म्हनलं, "कोनं शिकवलं तुले हे?" मी म्हनलो, तुमीच. चापट अशी बसली का कानात गुनगुन झाली. मार खाल्ल्याचं मले काई नाई. पन तुमी हात पुढं केला अन् पाना वापस मांगतला, साऱ्यायच्या देखत. मी देल्ला. त्या दिवसापासून मी टोरीवाला. कोन्या गॅरेजनं मले उभं केलं नाई. माह्या लग्नात बी एकानं इचारलं, वरातीच्या गाडीत ब्रेक हाय का टोरी हाय. तुमी एकदा, फक्त एकदा म्हनले असते का हो, मीच दाखवलं होतं, तं तुमची इज्जत काय झिजत होती? वीस वर्सं आनखी जगले तुमी. रोज माह्या मिलसमोरून गेले. मान वळवली नाई.

मागच्या हप्त्यात थोच डायवर आला गाडी पाहाले. काठी टेकत बाजेवर बसला, पाय सरळ पुढं. मी ब्रेकचं नवं तेल ओतत होतो. थो हासला, "शिशी कंपनीची हाय ना रे, का घरची?" मी बी हासलो, त्याले हक्क हाय. मंग डाल्याकडं पाहून म्हने, इथी मिस्त्रीचं नाव होतं, लिहत नाई का? मी म्हनलो, ज्यानं शिकवून तोंड फिरवलं त्याचं नाव मी काऊन लिहू? त्यानं चुन्याची डबी काढली. तंबाखू मळली. मंग हळू बोलला, "मिस्त्री खोटं बोलला, हे मले बी मान्य हाय. पन त्यानं तुले सांगतलं होतं. तेंदूच्या टायमाले, मी तिथीच सावलीत होतो. उन्हाळ्यापुरतं हाय म्हने, गावात पोचलो का काढून टाकजो. तू हत्यारं उचलून निघून गेला होता. तुले कोनाचं पूर्ण आयकाची सवयच नोव्हती."

माह्या अंगाची आग झाली. म्हनलो, भाऊ, म्हातारपनी काई बी बोलू नको, मले काई आयकू आलं नोव्हतं. थो म्हने, "पाय माहा गेला. मी काऊन खोटं बोलू?" चा न पेता उठला. काठीचा आवाज वळनापर्यंत येत रायला.

तुमची पोरगी रविवारी येते गाडी पाहाले. आज पेंटरले बोलावलं अन् तुमचं नाव लिहून घेतलं, पिवळ्या रंगात, पयले होतं तसंच. त्यानं बाजूनं फूल काढू का इचारलं, मी नाई म्हनलो. राग गेला म्हनून लिहलं असं समजू नका. चापट तुमची होती, खोटं बी तुमचंच होतं, अन् पाना मले वापस पायजे होता. हा कागद मी गाडीत ठेवनार नाई, पोरीच्या हाती लागन. माह्या पेटीत ठेवतो, कुलूप लावून.

डायवरले मी सांगतलं का मले काई आयकू आलं नोव्हतं. तसं नाई, मिस्त्री. मी पाठ फिरवली होती, पन दूर गेलो नोव्हतो. थंडीत हे थिजते, एवढं तुमी म्हनले, ते मी आयकलं होतं.