हळदीत रंगवलेल्या ओढण्या

शुक्रवार, संध्याकाळ

हळदीत रंगवलेलं कापड साबणाने लाल होतं. आईने आत्ताच कोराडीहून फोन करून सांगितलं. नमुन्याची ओढणी मी तिलाच दिली होती.

"लाल चट्टे पडले वं तुझ्या ओढणीले."

"काहून लावला साबण?"

"मंग का कपडे धुवाचेच नाही? लोकं का फोटो काढून फेकून देतीन?" आणि हसली.

मला हसू आलं नाही. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे लहानपणापासून पाहत आलेय. तरी माझ्या ब्रँडची लग्नाची पहिली मोठी ऑर्डर खऱ्या हळदीत रंगवली आणि तपासली ती नुसत्या पाण्यात. अशी कशी मी?

काल बेसा भागात नवरीच्या घरी सगळ्यांचे कुर्ते, ओढण्या पोचवल्या. नवरीची आई म्हणाली होती, "नवे कपडे आम्ही धुऊनच घालतो." तेव्हा लक्षच गेलं नाही, आता ते वाक्य डोक्यात फिरतंय. धुऊनच घालतो. उद्या हळद आहे.

गप्प राहता आलं असतं का? दोनदा मोबाइल खाली ठेवला. शेवटी नवरीला फोन लावला, सगळं सांगितलं. साबण लावू नका, म्हटलं. ती हळूच म्हणाली, "ताई, आईनं मशीन लावली ना आताच. थांबा, पाहून सांगते."

अजून फोन नाही. आता येईल तो तिच्या आईचाच येईल.